वाघदेवाला खलनायक करू नका

मराठीत विज्ञान-अद्भुतकथा लिहू पाहणाऱ्या मंडळींकडून एक म्हणणं वारंवार कानावर येतं. ते असं, की इंग्रजीत 'वॉरहॅमर ४०,०००' सारखी अफाट विश्वं आहेत. तिथं काळोखाच्या देवांना आत्मा विकून नासलेले जादूगार आहेत, त्यांच्या टोळ्या आहेत, त्यांनी गिळलेले ग्रह आहेत. आपल्याकडे असं काही उभं करायचं तर कच्चा माल आयता पडलाय. डहाणू-तलासरीचं रान घ्या, वारल्यांचे देव घ्या, रात्रीचा तारपा घ्या, अंगात आलेला भगत घ्या आणि सगळं उचलून अंतराळात नेऊन ठेवा. झाली आपली मातीतली अद्भुतकथा.

मी डहाणू तालुक्यातल्या कैनाडचा. ज्या पाड्यांवरचे देव उचलायचे म्हणतात, ते पाडे माझ्या रोजच्या वाटेवर आहेत. मला हे म्हणणं मुळातून चुकीचं वाटतं. त्यात आमचा अपमान आहे हे एक कारण झालं. पण त्याहून मोठं कारण असं, की अशानं गोष्टही खोटी होते.

आधी एक स्पष्ट करतो. या साहित्यप्रकाराशी माझं भांडण नाही. मी तो आवडीनं वाचतो. 'वॉरहॅमर ४०,०००' हा इंग्लंडमधल्या गेम्स वर्कशॉप कंपनीनं १९८७ साली आणलेला पटावरचा युद्धखेळ. त्याच्याभोवती पुढे कादंबऱ्यांचं जंगल वाढलं. त्यातले चार काळे देव आहेत खोर्न, झीन्च, नर्गल आणि स्लानेश. रक्त, कपट, रोग आणि भोग अशी त्यांची खाती. या देवांची कल्पना खरोखर जोरकस आहे. ते आकाशातून पडलेले नाहीत. माणसांचा राग, भीती, लालसा, निराशा साठत साठत त्यांचे देव झाले. आणि त्यातला सर्वांत गाजलेला भ्रष्ट जादूगार, मॅग्नस, हा काही हाडांच्या माळा घातलेला रानटी नाही. तो विद्वान आहे. बापाला धोक्याचा इशारा द्यायचा म्हणून तो मना केलेली विद्या वापरतो, त्याच विद्येनं बापाचं काम उद्ध्वस्त होतं, मग त्याचं शहर जाळलं जातं आणि उरलेली माणसं वाचवायला तो झीन्चच्या पदरी जातो. त्याच्या प्रत्येक पावलाला कारण आहे. म्हणून त्याचं नासणं वाचकाला लागतं.

आता हेच आपल्याकडे कसं उतरतं ते बघा. भगताला कारण नसतं. तो जंगलात राहतो, काळा आहे, कोंबडं कापतो, दारू पितो, न समजणाऱ्या भाषेत बोलतो, एवढ्यावर तो दुष्ट ठरतो. हिंदी-मराठी भयपटांनी ही मूर्ती इतकी घोटलीय की लेखकाला तिच्यासाठी एक वाक्यही जास्त लिहावं लागत नाही. पाडा म्हटला, ढोल म्हटला, मशाल म्हटली की वाचक घाबरायला तयार. मॅग्नसला विद्या, बाप, शहर आणि चूक मिळते. भगताला फक्त चेहऱ्याला फासलेली राख मिळते. लेखकाच्या आळसाचा भार इथं एका अख्ख्या समाजाच्या डोक्यावर दिलेला असतो.

हा आळस आपण इंग्रजीतूनच उचललाय. काळ्या देवांच्या आधुनिक कथेचा बाप म्हणून अमेरिकन लेखक एच. पी. लव्हक्राफ्टचं नाव घेतात. त्याची 'द कॉल ऑफ कथुलु' ही कथा १९२८ साली छापून आली. समुद्रतळाशी झोपलेला प्राचीन देव आणि त्याला जागं करू बघणारे पूजक, असा तिचा विषय. पण हे पूजक कोण? लुइझियानाच्या दलदलीत रात्री नाचणारे काळे आणि मिश्र रक्ताचे लोक, ग्रीनलंडचे एस्किमो, बंदरांवरचे खलाशी. गोरा प्राध्यापक कागद जुळवतो, आणि सावळी माणसं काळोखाला हाका मारतात. लव्हक्राफ्टचा वर्णद्वेष त्याच्या पत्रांत उघड आहे, आणि आता त्याचे चाहतेही तो नाकारत नाहीत. ही कथा मराठीत आणताना देवाचं नाव बदललं आणि दलदलीच्या जागी डहाणूचं रान ठेवलं, तरी पूजकांची निवड तीच राहिली. ती निवड कुणी केली, का केली, हा प्रश्नच आपण विचारला नाही.

'पण हे सगळं काल्पनिक आहे, कुणाचं नाव घेतलं नाही,' असं उत्तर येतं. नाव न घेता ओळख पटते, यातच तर गोम आहे. तारपा कोण वाजवतं? हिरवा कुणाचा देव? भात कुटून केलेल्या पांढऱ्या पिठानं गेरूच्या भिंतीवर चौक कोण लिहितं? ही खूण महाराष्ट्रातल्या शाळकरी पोरालाही पटते.

माझ्या विरोधाचा कणा मात्र वेगळाच आहे. काळ्या देवांच्या कथेचा गाभा असा, की माणूस देवाशी सौदा करतो आणि देव त्याला आतून सडवतो. आमच्या भागात, लेखी पुराव्यानिशी, याच्या बरोबर उलट घडलेलं आहे.

साल १९२२. पालघर तालुका तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. तिथल्या किनाऱ्यावर देवीची साथ आली. मांगेला कोळ्यांच्या वस्त्यांत देवीला शांत करण्याचे विधी सुरू झाले. बायाबापड्यांच्या अंगात वारं येऊ लागलं. नर्गल हा रोगाचा देव. रोगाची देवी माणसांच्या अंगात शिरली तर काय होईल, हे त्या खेळातल्या कादंबऱ्यांनी शेकडो पानं भरून सांगितलंय. मांस गळेल, बुद्धी नासेल, माणूस किड्यांचं पोतं होईल. पालघरच्या किनाऱ्यावर देवीनं माणसांच्या तोंडून काय सांगितलं? दारू-ताडी सोडा. मांस-मासळी सोडा. रोज अंघोळ करा, घर-अंगण झाडा. दारूच्या दुकानदाराशी व्यवहार तोडा.

ही आज्ञा किनाऱ्यावर थांबली नाही. ती डोंगर चढली, पाड्यापाड्यांतून, संस्थानांच्या हद्दी ओलांडत गेली आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरापर्यंत सुरत जिल्ह्यात पोचली. मांडव घालून त्याखाली हातात लाल कापड घेतलेली माणसं बसत, त्यांच्या अंगात देवी येई आणि हजारोंच्या जमावाला ती बजावत असे. सालाबाई असं तिचं नाव लोक घेत. दारूची दुकानं ओस पडली. ज्या दारूच्या कर्जात आदिवासीची जमीन जात होती, त्या कर्जाची साखळीच देवीनं तोडायला सांगितली होती. दक्षिण गुजरातेत त्या दुकानांचे मालक मुख्यतः पारशी होते, तेच अनेक ठिकाणी जमिनीचे मालक झाले होते, त्यामुळे देवीचा हुकूम थेट त्यांच्या गल्ल्यावर पडला. पुढे देवीच्या तोंडी गांधींचं नाव आलं, खादी आली. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी या चळवळीवर एक पूर्ण पुस्तक लिहिलंय. ते १९८७ साली, म्हणजे 'वॉरहॅमर ४०,०००' ज्या वर्षी बाजारात आला त्याच वर्षी, प्रसिद्ध झालं.

हे सगळं सोन्यासारखं होतं असं मी म्हणत नाही. मांस-मासळी सोडायला सांगणं हा वरच्या जातींच्या सोवळ्याचा पगडा होता, असा आक्षेप घेता येतो, आणि त्यात तथ्य आहे. पुष्कळ लोक काही काळानं दारूकडे परतले, आणि गावागावांत सोडणारे आणि परतणारे अशा दोन फळ्या पडल्या. पण माझा मुद्दा उरतोच. रोगाची देवी माणसाच्या अंगात आली आणि माणूस ताठ उभा राहिला. काळ्या देवांच्या कथेत अशा घटनेला जागाच नाही. आणि आपल्या लेखकाला अद्भुत शोधायचं असेल तर याहून अद्भुत काय हवं?

आता 'काळे' म्हटल्या जाणाऱ्या देवांकडे जवळून बघू. गावाच्या सीमेवर, झाडाखाली, जमिनीत रोवलेली एक लाकडी फळी असते. उंची कमरेएवढी, कधी त्याहून कमी. तिच्यावर वाघ कोरलेला. वर एका बाजूला सूर्य, दुसऱ्या बाजूला चंद्र. कधी साप असतो. वर्षानुवर्षं शेंदूर चढून कोरीव रेषा भरून गेलेल्या असतात. वाघाचे पंजे हातानं चाचपले तरच कळतात. हा वाघदेव. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला गुराखी त्याच्यापुढे जमतात, नारळ फुटतो, कोंबडं दिलं जातं, आणि गुराढोरांना सांभाळ, असं गाऱ्हाणं घातलं जातं. ज्या जनावरानं गोठ्यातली वासरं नेली, कधी माणूस नेला, त्याला या लोकांनी राक्षस ठरवलं नाही. त्याला सीमेवर बसवलं आणि राखणीचं काम दिलं. भीतीशी वागण्याची ही रीत मला कुठल्याही अद्भुतकादंबरीतल्या देवमंडळापेक्षा जास्त प्रौढ वाटते. मॅग्नसच्या विश्वात भीती साठली की तिचा दैत्य होतो. आमच्या सीमेवर भीती साठली आणि तिचा राखणदार झाला.

बाकीचे देवही असेच कामकरी आहेत. कणसरी धान्याची. नारायणदेव पावसाचा. हिरवा घरातला, मोरपिसांच्या जुडग्यात राहणारा. धरतरी ही भुई. पालघाट लग्नाच्या चौकात येते, तिच्याशिवाय लग्न लागत नाही. या यादीत जगाचा घास घ्यायला बसलेला देव मला तरी सापडलेला नाही. चेडा, झोटिंग अशी त्रास देणारी भुतंखेतं आहेत, त्यांची भीतीही आहे. पण ती मराठी मुलखात कुठल्या गावात नाहीत?

'तुमचे देव रक्त मागतात' हा आरोप तर मला सर्वांत खोटा वाटतो. कार्ल्याच्या एकवीरेला कोंबडं जातं, मांढरदेवच्या काळूबाईला बोकड जात आलाय, कोकणातल्या कितीतरी ग्रामदेवतांच्या राखणीला कोंबडा लागतो. तिथं आपण त्याला कुळाचार म्हणतो. तेच कोंबडं डहाणूच्या पाड्यावर कापलं की त्याचा नरबळीचा चुलतभाऊ होतो. आणि ते कोंबडं शेवटी जातं कुठं? चुलीवर. पाड्यावरची माणसं ते वाटून खातात. खोर्नच्या कवट्यांच्या सिंहासनाशी याचं नातं जोडणाऱ्यानं एकदा त्या पंगतीत बसावं.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. भगत खरंच नुकसान करतात त्याचं काय? सर्पदंश झालेल्या पोराला घेऊन लोक भगताकडे जातात आणि वेळ निघून जातो. एखाद्या म्हातारीला भुताळी ठरवलं जातं आणि तिचं जगणं नरक होतं. हे खरं आहे, आणि ते लपवणाऱ्यांच्या रांगेत मी उभा राहणार नाही. सापाच्या विषावर प्रतिविषाची सुई हाच उपाय आहे. त्या पोराला दवाखान्यापासून अडवणारा भगत गुन्हेगार आहे. भुताळी ठरवणारा तर आहेच, आणि त्याच्या मागे उभं राहून तिच्या जमिनीवर डोळा ठेवणारा भाऊबंदही आहे.

पण हा गुन्हा ओळखायला आपल्याला काळ्या देवांची गरज नाही. महाराष्ट्रात त्यासाठी जादूटोणाविरोधी कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी त्यासाठी वर्षानुवर्षं झगडा केला. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात विधिमंडळानं कायदा केला. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. त्याची अनुसूची वाचण्यासारखी आहे. कुत्रा, साप, विंचू चावल्यावर माणसाला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणं, हा त्यात गुन्हा आहे. अमुक माणूस करणी करतो, मंत्रानं गुरांचं दूध आटवतो, असं म्हणून त्याच्याविषयी संशय पसरवणं, हाही गुन्हा आहे. गुरांच्या दुधापर्यंत हा कायदा उतरलाय, कारण तो लिहिणाऱ्यांना गाव माहीत होतं. आणि या अनुसूचीत कुठल्याही देवाचं नाव नाही. कुठल्याही जमातीचं नाव नाही. कृत्यांची नावं आहेत. कायद्याला जो फरक कळला, तो कथाकारालाही कळायला हवा. वर आणखी एक गोष्ट. भगताला जन्मजात काळोखाचा दूत म्हणून रंगवणारी कथा भुताळी ठरवणाऱ्याच्याच बाजूला जाते. 'ही बाई काळ्या शक्तीशी लागून आहे' हेच वाक्य दोघं बोलतात.

बहुतेक भगतांचं रोजचं काम याहून साधं असतं. सुपात तांदळाचे दाणे घेऊन तो बसतो, बोटांनी ते वेगळे करतो आणि विचारत जातो. कुणाच्या घरचं भांडण मिटायचं राहिलंय? कुठल्या पितराचं करायचं राहून गेलं? विचारता विचारता घरातली जुनी तेढ बाहेर येते. घांगळी हे वाद्य घेऊन रात्रभर देवांची कथा सांगणारेही याच माणसांतले. ज्या समाजाच्या हाती पिढ्यान् पिढ्या पुस्तक पडू दिलं गेलं नाही, त्याचं पाठांतर या माणसांनी सांभाळलं.

आणि जादूगार म्हणजे पुरुषच, हे तरी कुठून आलं? वारली लग्न धवलेरी लावते. ती बाई असते. चौक सवाशिणी लिहितात, धवलेरी गाते, आणि त्या गाण्यावर पालघाट चौकात येते. शहरातली माणसं या चौकातल्या आकृत्या कुर्त्यांवर, कपांवर, विमानतळांच्या भिंतींवर मिरवतात. गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा सगळ्या महाराष्ट्राला अभिमान वाटला, आणि तो योग्यच होता. पण भिंतीवरची देवी सुंदर आणि तिला बोलावणारी माणसं भेसूर, ही विभागणी मला मान्य नाही. दोन्ही एकाच अंगणातून आलेली आहेत.

लग्नाचा विषय निघालाय तर सौद्याचंही बोलू. आत्मा गहाण टाकणारा करार हा काळ्या देवांच्या कथेचा प्राण. आमच्या भागात असा करार खरोखर होत असे. लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज घेतलेला वारली आणि त्याची बायको, दोघंही जमीनदाराच्या घरची वेठबिगार होत. त्याला लग्नगडी म्हणत. ते थोडकं कर्ज जन्मभर फिटत नसे, आणि बायकोची अब्रूही त्याच हिशेबात धरली जाई. चौकात आलेल्या पालघाटेनं यातलं काहीच मागितलं नव्हतं. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली, मे महिन्यात झरीला वारल्यांनी यापुढे वेठ करणार नाही असं ठरवलं, आणि ऑक्टोबरात तलवाड्याला पोलिसांच्या गोळीबारात पाच जण पडले. जेठ्या गांगड त्यांतला एक. या लढ्याच्या नेत्या गोदावरी परुळेकर यांनी हे सारं 'जेव्हा माणूस जागा होतो' मध्ये लिहून ठेवलंय. डहाणू-तलासरीत गुलामीच्या कराराची कथा लिहायची तर सावकाराचं चोपडं समोर असताना भगताच्या सुपात तो करार शोधणं म्हणजे इतिहासाला पाठ दाखवणं आहे.

मग या मातीतून विज्ञान-अद्भुतकथा होणारच नाही का? होईल, आणि फार मोठी होईल. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीची भुई हादरू लागली. धुंदलवाडीच्या आसपास एकामागून एक धक्के, जमिनीतून स्फोटासारखे आवाज, थंडीच्या दिवसांत घराबाहेर तंबूत झोपणारी माणसं. हैदराबादहून भूभौतिकी संस्थेचे शास्त्रज्ञ आले, त्यांनी यंत्रं बसवली. एका बाजूला कंपनमापक, दुसऱ्या बाजूला धरतरीला गाऱ्हाणं. याच पट्ट्यातून बुलेट ट्रेनचे खांब आणि द्रुतगती मार्ग जाताहेत, आणि किनाऱ्यावर वाढवणचं बंदर येतंय. विज्ञान आणि देव एकाच शेतात उभे असलेली अशी जागा शोधून सापडणार नाही. इथं लव्हक्राफ्टचा झोपलेला देव पुरायची गरज काय? वाघ आता या रानात नाही, बिबट्या आहे. वाघ गेल्यावर सीमेवरच्या वाघदेवानं कुणापासून राखण करायची, एवढ्या एका प्रश्नावर कादंबरी उभी राहील.

त्या कादंबरीत नासलेला भगत असायलाही माझी हरकत नाही. असावा. पण त्याला गुरू द्या, घर द्या, विद्येचा अभिमान द्या, ज्या दिवशी त्यानं पहिल्यांदा पैसे घेऊन खोटे दाणे पाहिले तो दिवस द्या. त्याच्यासमोर न नासलेला दुसरा भगत उभा करा, आणि एक धवलेरी, जी त्याला चारचौघांत खडसावेल.

आणि लेखक-संपादकांना एक विनंती. असं काही छापण्याआधी मसुदा इकडच्या कुणाला तरी वाचायला द्या. तलासरीत कॉम्रेड गोदावरी परुळेकरांच्या नावाचं महाविद्यालय आहे, डहाणूतही महाविद्यालय आहे. ज्यांच्या देवांवर तुम्ही लिहिताय त्यांची मुलं-मुली तिथं शिकतात. ती मराठी वाचतात, आणि तुमचंही वाचतील.